ड्रॅगन बॉल झेड : फिलर भाग आणि मागच्या रांगेतली मंडळी

नागमोडी :

ड्रॅगन बॉल झेड ही जपानी ॲनिमे मालिका नव्याने बघायला घेणाऱ्याच्या हातात पहिल्याच दिवशी कुणीतरी एक यादी ठेवतं, फिलरची, म्हणजे मालिकावाल्यांनी पदरचे घातलेले भाग. १०८ ते ११७ गाळा, १९५ ते १९९ गाळा, १२५ तर बघूच नका, मूळ मंगात (जपानी कॉमिकमध्ये) नाहीच. लोक ती यादी व्रतासारखी पाळतात. मी म्हणतो, एखादाच फिलर बघणार असाल तर तो १२५वाच बघा.

काय आहे त्यात? भविष्यातून आलेला ट्रंक्स सांगून गेलाय की तीन वर्षांनी अँड्रॉइड येणार आणि सगळ्यांचा खात्मा करणार. मंडळी जीव तोडून सराव करताहेत. आणि ची-ची नवऱ्याला, म्हणजे नायक गोकूला, बजावते, आधी गाडी चालवायला शिका. हा माणूस उडतो, ढगावर बसून फिरतो, कपाळाला दोन बोटं लावून एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे उगवतो. पण बायकोपुढे काय चालणार! गोकूचा जुना वैरी पिक्कोलो, त्याचीही सोबत रवानगी होते. पगडी आणि झगा उतरवून, टोपी-शर्ट चढवून, तो हिरवागार प्राणी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत स्टिअरिंग धरून बसतो. चेहऱ्यावर तोच, जगाचा वीट आल्याचा भाव. मग दोघांची आपसात शर्यत लागते, शेजारी बसलेले शिकवणारे जीव मुठीत धरतात, मध्येच कड्यावरून घसरणारी बस वाचवावी लागते, आणि लायसन्स दोघांनाही मिळत नाही. (ज्यांना झेडच्या आधीची जुनी मालिका, नुसती ड्रॅगन बॉल, आठवते त्यांच्यासाठी : २२व्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टिएनपुढे गोकू हरला तो खाली पडताना गाडीची धडक बसली म्हणून. गाड्यांशी त्याचं वैर जुनंच.)

आता आठवा, मालिकेच्या सुरुवातीला याच पिक्कोलोने राडिट्झबरोबर (गोकूचा दुष्ट भाऊ) गोकूच्याही छातीतून किरण आरपार घातला होता. गोकूच्याच सांगण्यावरून, पण घातला खुशीने. तो माणूस या घराचा कधी झाला? ची-ची त्याला हक्काने कामं कधीपासून सांगायला लागली? मूळ कथेत ती तीन वर्षं चुटकीसरशी उडून जातात. फिलरमध्ये निदान त्यातली एक दुपार आपल्याला बघायला मिळते.

माझा मुद्दा एवढाच की झेडमध्ये शक्तीचे आकडे जसे चढतात तशी माणसं मागे पडतात. जुन्या मालिकेत याम्चा, टिएन, क्रिलिन हे गोकूच्या बरोबरीने आखाड्यात उतरणारे लोक होते. खलनायक फ्रीझा स्वतःचा आकडा ५,३०,००० सांगतो तिथे यांची सद्दी संपली. त्यानंतर यांना जगायला जी काही जागा मिळाली ती बरीचशी फिलरने दिली.

तुमच्या लाडक्या दुय्यम पात्राला न्याय कुठे मिळाला, मूळ कथेत की फिलरमध्ये? लिहा. गार्लिक ज्युनियरला शिव्या घालायच्या असतील तरी स्वागत आहे.

कोकणकडा :

पहिला! आणि याम्चावर मी लिहिणार आहे, कुणी मध्ये घुसू नका. संध्याकाळी लिहितो.

मधली सुट्टी :

धागा छान, मताशी पूर्ण असहमत.

हिशोबच मांडतो. मूळ लेखक तोरियामांचा मंगा ५१९ प्रकरणांचा. पहिल्या १९४ प्रकरणांवर जुनी मालिका, १५३ भाग. उरलेल्या ३२५ प्रकरणांवर झेड, २९१ भाग. म्हणजे झेडच्या एका भागाच्या वाट्याला सव्वा प्रकरणसुद्धा येत नाही. आणि प्रकरण म्हणजे काय, चौदा-पंधरा पानं, त्यातली बरीचशी मारामारीची, म्हणजे वाचायला फारसं काही नाहीच. पाच मिनिटांत संपतं. त्याची वीस-बावीस मिनिटं करायची म्हटल्यावर काय होणार?

नामेक ग्रहावरची लढाई आठवा. फ्रीझा सांगतो, पाच मिनिटांत हा ग्रह फुटणार. त्यानंतर नऊ-दहा भाग ग्रह काही फुटत नाही. वीज चमकते, लाव्हा उसळतो, गोकू बघतो, फ्रीझा बघतो, तिकडे परलोकात गोकूचा गुरू किंग काई घाम पुसतो. पुढच्या भागात पुन्हा वीज.

आणि गार्लिक ज्युनियर! १९८९च्या सिनेमातला खलनायक, तिथेच डेड झोनमध्ये कायमचा कोंडलेला. त्याला बाहेर काढला, काळं धुकं सोडून सगळ्यांना चावरे राक्षस बनवलं, दहा भाग दळण दळलं आणि शेवटी गोहानने त्याला पुन्हा त्याच डेड झोनमध्ये ढकलला. दहा भागांनंतर आपण होतो तिथेच! क्रिलिनची ती मॅरॉन नावाची मैत्रीण आली कधी, गेली कधी, तिचं पुढे काय झालं, कुणाला पडलेली नाही. दिग्दर्शकालाही नसावी.

२००९ साली मालिका बनवणाऱ्या तोएईने स्वतःच कात्री घेऊन झेडची 'काय' (Kai) नावाची आवृत्ती काढली. सेल हा खलनायक संपेपर्यंतचे १९४ भाग ९८ भागांत बसले, आणि कथेचा एक टवकासुद्धा उडाला नाही. मालकांनीच निकाल दिलाय. आपण वकिली कशाला करायची?

शेवंतीची वेणी :

मॅरॉनबद्दल +१. बाकीचं सवडीने.

पाटी_पेन्सिल :

माझं पोट ॲनिमेशनवर चालतं, त्यामुळे थोडं कामाच्या बाजूने बोलते.

मधली सुट्टी, तुम्ही दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरताय. फ्रीझाची पाच मिनिटं हे फिलर नाही. तो मंगातलाच प्रसंग आहे, फक्त ताणलेला. पाहुणे वाढले की आमटीत पाणी ओततात तसा. कसा ताणतात तेही सांगते. एक मोठं चित्र काढायचं आणि कॅमेरा त्यावरून हळूहळू सरकवायचा. पात्राचं फक्त तोंड हलवायचं. अंगाभोवतीच्या पिवळ्या ज्वाळांची मोजकी चित्रं आलटून पालटून फिरवत ठेवायची. पृथ्वीवर बुलमा, परलोकात किंग काई, यांचे धास्तावलेले चेहरे मधूनमधून टाकायचे. भागाच्या सुरुवातीला मागच्या भागाची उजळणी. असं करत करत वेळ भरतो. यात चित्रकाराचा हात शिणतो कमी आणि बघणारा शिणतो जास्त, हे मान्य.

फिलर हे वेगळं प्रकरण. झेड फुजी टीव्हीवर बुधवारी संध्याकाळी सातला लागायचं, आठवड्यामागून आठवडे. आजच्यासारखं बारा भाग करा आणि वर्षभर थांबा, हे तेव्हा नव्हतं. तिकडे शोनेन जंपमध्ये तोरियामा दर आठवड्याला नवं प्रकरण देताहेत आणि मालिका त्यांच्या टाचेवर टाच ठेवून चाललीय. पुढे काय होणार हे लिहिलंच गेलं नसेल तर दाखवणार काय? मग मंगाला पुढे जाऊ द्यायला स्वतःची गोष्ट घालायची.

आता ती गोष्ट लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. मूळ लेखकाने पुढे काय योजलंय ते तुम्हाला ठाऊक नाही. म्हणून कुणाला कायमचं मारता येत नाही. कुणाला नवी शक्ती देता येत नाही. कुणाचं लग्न, कुणाचं मूल, कुठला महत्त्वाचा शोध, काही काही नाही. भाग संपताना सगळी भांडी जिथल्या तिथे. मग उरतं काय? घर. स्वयंपाक. अभ्यास. नवरा-बायकोची कुरबुर. पिक्कोलोची टोपी. आणि गोकूला हात लावायची सोय नसल्याने कॅमेरा आपोआप बाजूच्या माणसांकडे वळतो. फिलरमध्ये दुय्यम पात्रं जास्त जिवंत वाटतात ती कुणाच्या मोठ्या मनामुळे नाही, लिहिणाऱ्याला दुसरी वाटच नव्हती.

गार्लिक फसला तो याच नियमाने. कथा हलवायची परवानगी नसताना त्यांनी कथा हलल्याचा आव आणला. ड्रायव्हिंगचा भाग तसला आव आणत नाही.

नागमोडी :

पाटी_पेन्सिल, मूळ धाग्यापेक्षा तुमचा प्रतिसाद भारी झालाय. हे मला असं मांडता आलं नसतं.

गार्लिकमध्येही एक गोष्ट मात्र मला आवडते. गोकू पृथ्वीवर नाही, त्याचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा नाही, आणि सगळा भार गोहान, क्रिलिन आणि पिक्कोलोवर. पिक्कोलोलाही चावा बसलाय, तोही उलटलाय, असं आपल्याला वाटतं. ते त्याचं सोंग निघतं तेव्हा शाळेत असताना मी सोफ्यावर उभा राहिलो होतो.

कोकणकडा :

याम्चापुराण.

लोक याम्चाला एका चित्रावरून ओळखतात. खड्ड्यात कुशीवर पडलेला, हातपाय वेडेवाकडे. सायबामॅन नावाच्या हिरव्या, जमिनीत बी पेरून उगवलेल्या फडतूस प्राण्याने मिठी मारून स्वतःला उडवून घेतलं आणि हा गेला. जगभर त्या पोझची टवाळी होते. लोकांनी त्या पोझमधल्या बाहुल्यासुद्धा विकत घेतल्यात.

पण तो तिथे का उभा होता हे किती जणांना आठवतं? पुढे निघाला होता क्रिलिन. याम्चाने त्याला अडवलं. क्रिलिन एकदा मरून ड्रॅगन बॉलने (इच्छा पुरी करणाऱ्या जादूच्या गोळ्यांनी) परत आलेला, त्याला दुसऱ्यांदा उठवता येणार नाही. मी अजून एकदाही मेलेलो नाही, मी जातो. हिशोब करून, मित्राला मागे सारून पुढे गेलेला माणूस आहे तो. सायबामॅनला त्याने लोळवलंही होतं. पाठ वळवली, तिथे घात झाला. आणि हे फिलर नाही, मूळ मंगा आहे, मधली सुट्टीसाहेब लिहून घ्या.

एरवी बिचाऱ्याची पत्रिकाच वाईट. तिन्ही जागतिक स्पर्धांत मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात बाद. एकदा समोर वेश बदललेले मास्टर रोशी, एकदा टिएन, तोही पाय मोडून ठेवणारा, आणि एकदा साध्या माणसाच्या अंगात शिरलेला साक्षात पृथ्वीचा देव. याला ड्रॉ लागतात तरी कसे! वाळवंटातला दरोडेखोर म्हणून आला तेव्हा काय रुबाब होता. फक्त मुलगी समोर आली की बोबडी वळायची.

तर फिलरकडे येतो. झेडच्या सुरुवातीला एका फिलरमध्ये याम्चा चक्क व्यावसायिक बेसबॉल खेळताना दिसतो. पोटापाण्यासाठी. मला ते फार पटलं. जगात गोकू असताना तुम्ही तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचे मार्शल आर्टिस्ट असाल तर घरभाडं कसं भरणार? आणि खरी गंमत पुढे, ड्रॅगन बॉल सुपरच्या ७०व्या भागात. बेरस आणि चांपा हे विनाशाचे दोन देव बेसबॉलचा सामना लावतात. व्हेजिटापासून सगळ्यांना नियमांची बोंब, खेळ येणारा एकटा याम्चा. देव सामना सोडून एकमेकांवर धावून जातात, मैदानाचा चुराडा होतो, धुरळा खाली बसतो आणि दिसतं काय? याम्चा त्याच जगप्रसिद्ध पोझमध्ये निपचित पडलाय, आणि पुढे गेलेला हात होम प्लेटला टेकलाय. धाव पूर्ण. सामना जिंकला.

ज्या पोझवर लोक हसले तीच पोझ विजयाची केली. मूळ कथेने कधी दिला असता हा मान?

(नंतर याम्चा म्हणून पुनर्जन्म झालेल्या एका शाळकरी पोराची अधिकृत मंगाही २०१६-१७ मध्ये येऊन गेली. हुडकून वाचा.)

शेवंतीची वेणी :

कोकणकडा, हहपुवा. "पत्रिकाच वाईट"!

आता बायकांकडे वळू या का? इतके प्रतिसाद झाले, ची-ची फक्त नवऱ्याला कामाला लावणारी म्हणून आली.

जुन्या मालिकेच्या २३व्या स्पर्धेत ची-ची नाव न सांगता आखाड्यात उतरते आणि गोकूशी लढते. लहानपणी लग्नाचा शब्द देऊन हा विसरलाय, हा राग. गोकू तिथल्या तिथे हो म्हणतो. मंगा पुढे उडी मारते ती थेट पाच वर्षं, मांडीवर गोहान. मधलं सगळं गायब. जुन्या मालिकेचे शेवटचे पाच भाग, १४९ ते १५३, हे पूर्ण फिलर आहेत आणि ते त्या मोकळ्या जागेत बसतात. ची-चीच्या वडिलांच्या किल्ल्याला आग लागते. किल्ल्यात ची-चीच्या आईचा लग्नातला पोशाख आहे, लेकीसाठी जपून ठेवलेला. तो वाचवायला हा डोंगराएवढा म्हातारा आगीत शिरतो आणि अडकतो. आग विझवायला लागणारा जादूचा पंखा मास्टर रोशींनी पूर्वीच त्यावर सूप सांडलं म्हणून कचऱ्यात टाकलेला. मग गोकू आणि ची-ची दोघं मिळून वणवण फिरतात आणि शेवटी जिवंत आणि मृत जगांच्या वेशीवरच्या भट्टीपाशी पोचतात. तिथे कोण भेटतं? गोकूचे मेलेले आजोबा गोहान, तिथे नोकरीला!

सून पाहायला आजोबा हवे होते, हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार. सन वुकाँगच्या जुन्या चिनी कथेत आगीचा डोंगरही आहे, पंखाही आहे, भट्टीही आहे, आणि गोकू मुळात तिथूनच आलाय. म्हणजे फिलरवाल्यांनी गोष्ट मूळ झऱ्यापाशी नेली.

झेडमध्ये मग ची-चीला फक्त "गोहान, अभ्यास कर" एवढंच वाक्य उरलं. तिथेही एक फिलर आहे. गोहानसाठी ठेवलेला शिकवणीचा मास्तर छडी चालवतो आणि गोकूबद्दल वाटेल ते बोलतो. ची-ची मास्तराला खिडकीतून बाहेर भिरकावते. अभ्यास हवा, पण घरच्या माणसाची नालस्ती ऐकून घेणार नाही. एका प्रसंगात ती बाई पूर्ण कळते.

आणि लाँच? शिंक आली की स्वभाव आणि केसांचा रंग दोन्ही बदलणारी लाँच झेडच्या मूळ कथेतून नाहीशीच झाली. का? तर तोरियामांनीच पुढे कबूल केलं की ते तिला विसरले. विसरले! मालिकावाल्यांनी मात्र तिला दारूच्या गुत्त्यात टिएनच्या आठवणीत पेले रिचवताना दाखवली आणि अगदी शेवटी बू या अखेरच्या खलनायकाविरुद्धच्या स्पिरिट बॉम्बसाठी अख्खी पृथ्वी हात वर करते तेव्हाही तिला आठवणीने उभी केली.

आडवाटेचा :

अवांतर : फिलरच म्हणायचं तर नारुतो ही दुसरी ॲनिमे बघणाऱ्यांना विचारा. पहिल्या मालिकेच्या २२० भागांत १३६च्या पुढचं जवळपास सगळं फिलर. नारुतोचा मित्र सासुके गाव सोडून गेला तिथे गोष्ट ऐन भरात होती आणि मग दीड-पावणेदोन वर्षं आम्ही शहामृग पकडतोय, चोर पकडतोय. तरी त्यातलं रॉक लीचं तिखटजाळ करीचं प्रकरण, १५२ ते १५७, अजून आठवतं. ली हा निन्जुत्सू (निन्जांच्या जादुई विद्या) अजिबात न येणारा, केवळ हातापायाच्या जोरावर उभा राहिलेला पोरगा. मूळ कथेत पहिल्या मोठ्या परीक्षेनंतर त्याला फार काही करायला मिळत नाही. तिथे एका म्हातारीच्या खानावळीसाठी तो जिवावर उदार होतो.

लीच्याच गटातली बिचारी टेनटेन मात्र फिलरमध्येही उपाशीच.

मधली सुट्टी :

सगळ्यांना एकत्र उत्तर देतो.

पाटी_पेन्सिलचा फरक मान्य, ताणणं वेगळं आणि फिलर वेगळं. सायबामॅनचा प्रसंग मला आठवतो, धन्यवाद. आजोबांचा भाग मी पाहिलेला नाही, पाहीन.

पण फिलरमुळे जी नासाडी होते तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पिक्कॉन घ्या. सेलनंतर गोकू मेलेला आहे, परलोकात स्पर्धा भरते, १९५ ते १९९. सुरुवातीलाच नरकात सेल, फ्रीझा, त्याचा बाप किंग कोल्ड आणि फ्रीझाची टोळी गिन्यू फोर्स धुडगूस घालतात आणि हा नवा आलेला पिक्कॉन सेल, फ्रीझा आणि किंग कोल्डला हसतखेळत आडवं करतो. सेलला! ज्या सेलसाठी गोकूने जीव दिला, गोहानला बाप गमवावा लागला, पन्नासच्या आसपास भाग आपण नखं खात बसलो, त्या सेलला एका फटक्यात. आणि मग बू येतो, विश्व बुडायची वेळ येते, तेव्हा लढाईत हे महाशय कुठे आहेत? कुठेच नाहीत, कारण मंगात त्यांचा जन्मच झालेला नाही.

तसंच किंग काईच्या ग्रहावर. मेलेली गिन्यू फोर्स तिथे पोचते आणि याम्चा, टिएन, चाओझु त्यांना हरवतात. ज्या टोळीने नामेकवर व्हेजिटाला लोळवलं त्या टोळीला! कोकणकडा खूश झाला असेल. पण याने याम्चा मोठा होत नाही, गिन्यू फोर्स फुसकी होते.

दुय्यम पात्राला खरा मान कसा देतात ते बघायचंय? टिएन आणि सेल. सेलने १७ नंबरच्या अँड्रॉइडला गिळलंय, पिक्कोलो मरणपंथाला लागलाय, १८ नंबर हाती लागली की सेल पूर्ण होणार. अचानक वरून चौकोनी खड्डा पडतो. टिएन हवेत आहे, किकोहो हा आपला अस्त्रासारखा वार मारतोय. प्रत्येक वारात स्वतःचं आयुष्य खर्ची पडतं हे त्याला माहीत आहे. सेल मरत नाही, नुसता आणखी खोल जातो, वर येऊ पाहतो, पुन्हा वार, पुन्हा खोल. सेलला मारणं हा बेतच नाही. १८ आणि १६ नंबर निसटेपर्यंत त्याला खाली दाबून ठेवायचं. शेवटी टिएन सुकलेल्या पानासारखा खाली येतो.

शक्तीचे आकडे जिथे आहेत तिथेच आहेत. टिएन सेलपुढे किडामुंगी आहे आणि मालिका ते लपवत नाही. तरी ती काही मिनिटं त्याची आहेत. सगळं मूळ मंगातलं. नागमोडी, तुझ्या प्रश्नाला हे माझं उत्तर.

नागमोडी :

टिएनबद्दल वाद नाही. अंगावर काटा येतो.

पण बार्डॉक? गोकूचा बाप मंगात मुळात नव्हताच. १७ ऑक्टोबर १९९० ला दाखवलेल्या टीव्ही स्पेशलसाठी तोएईवाल्यांनी तो उभा केला. म्हणजे मंगाबाहेरचीच पैदास. फ्रीझाच्या पदरी ग्रह रिकामे करून विकण्याचं काम करणारा, हलक्या जातीचा गणला गेलेला शिपाई. त्याची टोळी फ्रीझाचा हस्तक डोडोरियाने कापून काढलेली, तोरा नावाचा जिवलग त्याच्या हातात मरतो. तोराच्या दंडावरचं पांढरं फडकं घेऊन बार्डॉक त्याच्या तोंडावरचं रक्त पुसतो, ते फडकं लाल होतं आणि तो ते कपाळाला बांधतो. पुढे एकट्याने फ्रीझाच्या यानावर चालून जातो तेव्हा ती लाल पट्टी कपाळावर आहे. जपानी आवाजही मसाको नोझावांचा, म्हणजे गोकूचाच.

तोरियामांना हे इतकं भावलं की त्यांनी त्याला मंगात फ्रीझाच्या प्रसंगात घेतला. बाहेरून आलेला माणूस घरात घेतला गेला, तो असा.

मधली सुट्टी :

बार्डॉक हा अपवाद. आणि तो एका बैठकीचा खेळ होता, आठवड्याचा रतीब नव्हे. लिहिणाऱ्याला शेवट माहीत होता : ग्रह फुटणार, सगळे मरणार.

पाटी_पेन्सिल :

हो, ते महत्त्वाचं. शेवट ठरलेला असला की मधल्या माणसांना हवं तसं मोठं करता येतं. साध्या फिलरला ती सवलत नसते.

बाय द वे, २०१४ मध्ये तोरियामांनी स्वतः एक छोटी मंगा काढून बार्डॉक बदलला. मुलाच्या काळजीने त्याला पृथ्वीवर धाडणारा प्रेमळ बाप. तो अधिकृत आहे. मला १९९० चा आडदांड आवडतो.

कोकणकडा :

१९९० चाच. आणि व्हेजिटा-नप्पाचा आर्लियाचा भाग, ११वा, विसरू नका. पृथ्वीकडे येताना वाटेत एका किड्यांच्या ग्रहावर थांबतात. तिथला जुलमी राजा मरतो, लोक आनंदात, आता बरे दिवस आले म्हणून. जाता जाता व्हेजिटा यानाबाहेर येऊन तो ग्रहच उडवतो. फिलर आहे, पण पृथ्वीवर कोण येतंय हे त्या एका भागात कळतं.

खडीसाखर :

नमस्कार. मी इथे वाचनमात्र असते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, वर्गातल्या मुलांकडून ऐकून मागे लागलाय. मी लहानपणी भावाबरोबर कार्टून नेटवर्कवर तुकड्यातुकड्यात पाहिलेलं, त्यामुळे डोक्यात सगळी खिचडी आहे. सुरुवात कुठून करू? झेड, 'काय', की जुनं? आणि रक्तपात किती आहे?

पाटी_पेन्सिल :

खडीसाखर, स्वागत. नऊ वर्षांच्या मुलाला मी 'काय' दाखवीन. रक्त आहे, पण गोष्ट झपाझप पुढे जाते, कंटाळा येत नाही. जुन्या मालिकेत मारामारी सौम्य आहे, पण मास्टर रोशींचे चावट विनोद आहेत, तेव्हा आधी स्वतः बघा आणि काय गाळायचं ते ठरवा. 'काय'मध्ये गोडी लागली की झेडमधला १२५वा भाग सुट्टीच्या दिवशी वेगळा लावा.

मधली सुट्टी :

पाटी_पेन्सिलशी सहमत. १२५ बाबतसुद्धा. नागमोडी, लगेच नाचू नकोस.

शेवंतीची वेणी :

अगं खडीसाखर, त्याला मिस्टर सेटन फार आवडेल बघ. फुशारक्या मारणारा, एक नंबरचा भित्रा, आणि शेवटी बूला ज्या कामाला कुणाची शक्ती पुरली नाही त्या कामाला, म्हणजे माणसात आणायला, तोच उपयोगी पडतो. एक कुत्र्याचं पिल्लू आणि तो. हे सगळं मूळ कथेतलं हं.

खडीसाखर :

सगळ्यांचे आभार. कालपासून 'काय' सुरू केलंय. चिरंजीवांना पहिल्याच भागातला तो ट्रकवाला शेतकरी भलताच आवडलाय. राडिट्झ शेतात उतरतो आणि हा बंदूक रोखून त्याला जाब विचारतो ना, तो. राडिट्झ त्याची शक्ती मोजतो, फक्त पाच. गोळी हातात झेलून परत त्याच्याकडेच उडवतो. मुलगा विचारतोय की ड्रॅगन बॉलने इतक्या लोकांना परत आणतात तर शेतकरी काका पण परत आले का? काय सांगू?

नागमोडी :

वा! नामेकवर फ्रीझाशी लढाई चालू असताना मागितलेली इच्छा अशी होती : फ्रीझा आणि त्याच्या माणसांनी मारलेल्या सगळ्यांना परत आण. राडिट्झ हा फ्रीझाचाच माणूस. म्हणजे काका आले! सांगून टाका.

मधली सुट्टी :

काही आले नाहीत. पृथ्वीचा ड्रॅगन शेनरॉन एकगठ्ठा उठवतो ते वर्षाच्या आत मेलेल्यांना. राडिट्झनंतर व्हेजिटा यायलाच एक वर्ष लागलं, त्यापुढे नामेकचा प्रवास आणखी महिन्याभराचा. शेतकऱ्याची मुदत टळून गेली होती.

कोकणकडा :

नऊ वर्षांच्या पोराला हे सांगणार तुम्ही? नामेकच्या ड्रॅगनला, पोरुंगाला, वेगळे नियम आहेत, एकेकाला उठवायला वर्षाची अट नाही. खडीसाखर, त्याला सांगा, पोरुंगाकडे अर्ज दिलाय, रांग मोठी आहे.